बाळाला घेऊन तलावपाळी ते खारघर : ठाणे स्टेशनात पूर्वेकडूनच शिरा

‘ठाणे स्टेशनला लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, बाबागाडी आरामात जाते,’ असं एका व्हिडिओत एक हसतमुख जोडपं सांगतं. त्यांच्या बाबागाडीत खरंच बाळ होतं की बाजारातला भोपळा, एवढंच मला त्यांना विचारायचंय.

आमचा बेत अगदी निवांत होता. सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर होड्या दाखवायच्या, मग ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने, बेलापूर, तिथून मेट्रोने खारघरचं सेंट्रल पार्क आणि दिवेलागणीच्या आत घरी. बाळ सात महिन्यांचं आहे. तुमचं बाळ अजून मान धरत नसेल तर हे पुढे कधीतरी करा.

आता सगळ्यात अवघड टप्पा. तलावपाळी ते ठाणे पश्चिम स्टेशन हे अंतर पाऊण किलोमीटरच्या आसपास. बिनबाळाचे होतो तेव्हा गप्पा मारत जायचो. बाबागाडीने मात्र हा रस्ता अशक्य आहे, आणि मी शब्द तोलून वापरतेय. फुटपाथ चांगला हातभर उंच, त्यावर चढलात तर समोर उभी मोटारसायकल, तिला वळसा घातला तर पावभाजीची गाडी, खाली उतरलात तर पाठीशी रिक्षाचा हॉर्न. पेव्हर ब्लॉक उखडलेले, त्यात पुढचं चाक अडकतं. जांभळी नाक्याच्या बाजूने गेलात तर भाजीबाजाराची गर्दी वेगळी. शेवटी नवऱ्याने बाबागाडी डोक्यावर घेतली, मी बाळ छातीशी धरलं, आणि एका आजीने आम्हाला थांबवून विचारलं, ‘अगं, मग ही गाडी आणलीच कशाला?’

आणि हे सोसून पश्चिमेला पोचलात की कळतं, ट्रान्स-हार्बरच्या गाड्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात, म्हणजे स्टेशनच्या पार दुसऱ्या टोकाला. मधे सगळे फलाट. पुलावर समोरून लोंढा येतो, लिफ्टपुढे रांग, आणि सरकत्या जिन्यावर बाळासकट बाबागाडी न्यायचा विचारही करू नका. म्हणून सांगते, तलावपाळीवरूनच रिक्षा करा आणि कोपरी पुलावरून ठाणे पूर्वेला उतरा. तिकडेही सॅटिसच्या, म्हणजे स्टेशन परिसरातल्या वाहतूक सुधारणेच्या, कामाने रस्ता आक्रसलाय, रिक्षावाला ‘पूर्वेला नको’ म्हणून तोंड वाकडं करेल, मीटर थोडा जास्त पडेल. पडू दे. तिथून नऊ-दहा नंबर हाकेच्या अंतरावर आहेत.

गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे अकरानंतर गेलात तर बसायला मिळतं. उतरणाऱ्यांचा लोंढा ओसरू द्या, मग चढा. पाटी बघून चढा : पनवेल हवी. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, तिच्यात बसलात तर बेलापूर येणार नाही. नेरूळची नेरूळलाच संपते. बेलापूरला चाळीसेक मिनिटं लागतात, म्हणजे बाळाची एक झोप. बायकांच्या डब्यात खिडकीशी बसून, ओढणी घेऊन अंगावर पाजणं हे दिवसातलं सगळ्यात सोपं काम निघालं. समोरच्या दोघी आपण होऊन आडव्या बसल्या. याउलट ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी एका ठिकाणी दिसली म्हणून धावत गेले, तर दाराला कुलूप आणि जाळीतून दिसतायत झाडू-बादल्या. कुलूप बघून हिरकणीने पुन्हा कडाच उतरायचं ठरवलं असतं. पाटीच्या भरवशावर राहू नका, गाडीतच पाजून घ्या.

बेलापूरहून मेट्रो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, बेलापूर ते पेंधर अकरा स्थानकं. लिफ्ट आहे, डबा गार आहे, दुपारी मोकळा आहे, बाबागाडी जमिनीवर चालते. मला अक्षरशः रडू आलं. सेंट्रल पार्क याच नावाचं स्थानक आहे, तिथे उतरा. पार्क छान आहे, गवत आहे. भर दुपारी सावली शोधावी लागते, चटई न्या. नाचणीचं सत्त्व घरून थर्मासात न्या. बाकी तिथे काही घडलं नाही.

परतीला साडेचारच्या पुढे रेंगाळू नका. घणसोली, रबाळे, ऐरोलीची ऑफिसं सुटली की ठाण्याकडच्या गाडीत बाळ घेऊन शिरणं म्हणजे भांडण ठरलेलं. आम्हाला उशीर झाला नाही, तरी ऐरोलीला डबा भरला.

उतरल्यावर रिक्षा. बाळ दिसलं की भाव वाढतो, हे लिहूनच ठेवा. वर्तकनगरला जायचे एकाने दोनशे सांगितले, वर ‘मॅडम, बाळ आहे म्हणून सांभाळून नेईन ना.’ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला सतराच्या जरासं वर, एवढा हिशोब तोंडपाठ ठेवा आणि आत बसायच्या आधी ‘मीटर टाका’ म्हणा. तिसरा तयार झाला. मीटर झाला दोनशेच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्याने बाळासाठी खड्डेही चुकवले.

बाबागाडी मात्र घरी ठेवा. पोटाशी बांधायची झोळी, मेणकापड, दोन दुपटी, बस्स. आमची बाबागाडी सध्या गॅलरीत आहे, कोणाला हवी असेल तर घेऊन जा.