तुम्ही विचारलंत म्हणून: पोलंडच्या दिग्दर्शिका

महोत्सवात पोलिश चित्रपट संपून बाहेर पडलं की कुणी ना कुणी विचारतंच: "पोलंड म्हटलं की आंजेय वायदा नाही तर किश्लोव्स्की, हे दोन पुरुष दिग्दर्शकच आठवतात. मग या इतक्या बायका एकदम आल्या कुठून? आणि तेही चर्चचा एवढा पगडा असलेल्या देशात?"

एकदम कुणीच आलेलं नाही. दिग्दर्शिका वांदा याकुबोवस्का ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत कैदी होत्या. युद्धानंतर त्यांनी त्याच छावणीत कॅमेरा नेला आणि १९४८ साली 'द लास्ट स्टेज' पडद्यावर आणला. तेव्हा वायदांनी पहिला चित्रपटही केला नव्हता. पुढे बार्बारा सास आल्या, आग्निएश्का होलांड आल्या. होलांडबाईंनी १९८१ मध्ये 'अ लोनली वुमन' केला. टपाल वाटणारी, एकटीनं मुलगा वाढवणारी बाई आणि तिचं न संपणारं दारिद्र्य. त्याच डिसेंबरात पोलंडमध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला, चित्रपट कित्येक वर्षं डब्यात राहिला आणि होलांडबाई परदेशातच राहिल्या.

परंपरा होती, पण पैशाची बाजू लंगडी होती. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट गेली आणि सरकारी पैसा आटला. मग २००५ मध्ये नवा चित्रपट कायदा झाला: टीव्ही वाहिन्या, चित्रपटगृहं, वितरक यांच्या उत्पन्नातला दीड टक्का पोलिश फिल्म इन्स्टिट्यूट या सरकारी संस्थेकडे जाणार आणि तिथून तो चित्रपटांना मिळणार. बायकांसाठी म्हणून हा कायदा नव्हता. पण बाजारात ज्याला कुणी हात लावणार नाही, अशा संहितेला अर्ज करायला एक जागा झाली. माझ्या मते आजच्या बहराचं अर्धं श्रेय या रुक्ष कलमाला आहे.

उरलेलं श्रेय धिटाईचं. पोलिश सिनेमाच्या मानगुटीवर देश बसलेला असे. युद्ध, उठाव, सॉलिडॅरिटी ही कामगार चळवळ, आणि मधोमध झुरणारा एक पुरुष. आग्निएश्का स्मोचिन्स्कांनी २०१५ च्या 'द लुअर'मध्ये काय केलं? ऐंशीच्या दशकातल्या वॉर्सात दोन जलपऱ्या किनाऱ्यावर येतात, नाइटक्लबात गाऊ लागतात आणि अधूनमधून पुरुष खातात. गाणी आहेत, रक्त आहे, आणि त्या शेपट्या हान्स अँडरसनच्या परीकथेतल्या जलपरीसारख्या गोंडस नाहीत, चांगल्या लांबलचक, माशासारख्या बुळबुळीत आहेत. वयात येणाऱ्या मुलीच्या शरीराबद्दल इतकं बेधडक मी क्वचितच पाहिलंय. सगळंच जमलंय असं नाही, मधला भाग विस्कटतो. मला तो विस्कटलेलाच आवडतो.

माउगोझाता शुमोवस्कांचा 'बॉडी' त्याच वर्षीचा, त्यासाठी त्यांना बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल विभागून मिळालं. सुरुवातीलाच झाडाला लटकलेला माणूस खाली उतरवतात आणि तो उठून चक्क चालू लागतो. पुढे एक विधुर सरकारी वकील, जेवण टाकलेली त्याची मुलगी, आणि मृतांशी बोलते म्हणणारी थेरपिस्ट. दुःखावर इतकं गालातल्या गालात हसणं सोपं नाही.

अन्ना झामेत्स्कांचा 'कम्युनियन' माहितीपट आहे. चौदा वर्षांची ओला दारुड्या बापाचं घर सांभाळते आणि स्वमग्न धाकट्या भावाची चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या विधीसाठी, तयारी करून घेते. या सोहळ्याच्या निमित्तानं घर सोडून गेलेली आई परत येईल, अशी तिला आशा. चर्चचा पगडा म्हणता ना, तो इथे बघा. चर्चवर टीका करणारं एक वाक्य नाही, तरी सगळं दिसतं.

देशाचं ओझं सगळ्यांनीच उतरवलं असंही नाही. होलांडबाईंचाच २०२३ चा 'ग्रीन बॉर्डर' बेलारूसच्या सीमेवर, जंगलात इकडून तिकडे ढकलल्या जाणाऱ्या निर्वासितांवर आहे. पोलंडमध्ये निवडणुका तोंडावर होत्या. कायदामंत्र्यांनी त्याची तुलना नाझी प्रचारपटांशी केली, आणि तीही कुणाच्या चित्रपटाची, तर वडिलांच्या बाजूची माणसं ज्यूंच्या संहारात गमावलेल्या होलांडबाईंच्या! सरकारनं तर चित्रपटाआधी स्वतःची चित्रफीत दाखवायला सांगितलं. पंचाहत्तरीच्या दिग्दर्शिकेला सरकार इतकं घाबरतं, तेव्हा तिचं काम चोख झालेलं असतं.

सुरुवात कुठून करू, असं पुढे विचारणारच असाल, तर 'कम्युनियन'पासून करा. सव्वा तासाचा आहे. आणि 'द लुअर' जलपऱ्यांचा आहे म्हणून मुलांना घेऊन बसू नका.