ओहोटी नऊची म्हणजे नऊला पोचायचं नसतं

सातवीची बावीस मुलं आणि आम्ही तीन मोठी माणसं, विषय प्राण्यांचं अनुकूलन, दोन दिवसांची सहल. पहिला दिवस रानातला, काडीसारखे किडे, पक्ष्यांच्या चोची वगैरे, मस्त झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाच्या खडकाळ किनाऱ्यावर, कारण पाय अजून दुखतायत.

आधी जाऊन आलेल्या एकाने सांगितलं होतं की ओहोटी नऊला आहे, नऊपर्यंत आरामात पोचा, खडकापर्यंत सपाट वाट आहे. दोन्ही गोष्टी चूक. नऊला पाणी सगळ्यात खाली असतं आणि तिथून ते परत चढायलाच लागतं, पहिल्या तासात कळतसुद्धा नाही पण तिसऱ्या-चौथ्या तासात असं येतं की बघत राहावं. त्यामुळे दीड तास आधी खडकावर हवं, उतरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे खाली जायचं आणि ते वळलं की आपणही वळायचं. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, मागच्या आठवड्यातल्या कुणाच्या अनुभवावर विसंबू नका. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच जा, अष्टमीला गेलात तर बघण्यासारखं अर्धं पाण्याखालीच राहतं.

आता ती सपाट वाट. दिसते सपाट, पण आहे ओल्या हिरव्या शेवाळाचा पट्टा, दीडशे मीटर असेल जेमतेम, आम्हाला पाऊण तास लागला. मी दोनदा पडले. सँडल, चपला अजिबात नको, लेसचे घट्ट बूट हवेत, पाठीवर सॅक आणि दोन्ही हात मोकळे. वर्कशीट आणि क्लिपबोर्ड बसमध्येच ठेवा, मी ते कशाला घेतले मलाच माहीत. खरखरीत बार्नॅकलवर, म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेले छोटे कवचवाले जीव, त्यांवर पाय छान बसतो पण त्यात चिरडतात तेच, आणि त्यावर पडलात तर गुडघा सोलून निघतो, म्हणून उघडा कोरडा खडक शोधत वेडंवाकडं जायचं. मी दुसऱ्यांदा बसले तेव्हा एक पोरगा शेजारच्या लिंपेटकडे, म्हणजे खडकाला चिकटून बसणाऱ्या टोपीसारख्या शंखाकडे, बोट दाखवून म्हणाला, मॅडम तो बघा कसा चिकटलाय, आपलं अडॅप्टेशन फेल. काय बोलणार. लिंपेटला बोटाने हलकेच टिचकी मारली की तो अजून घट्ट बसतो, ते मात्र सगळ्यांना करायला लावलं, खरवडून काढू दिलं नाही कुणाला.

सगळ्यात भारी झालं ते बार्नॅकलचं. मुलांना वाटलं खडकावर सिमेंटचे फोड आलेत. बार्नॅकल चिकटलेला एक सुटा दगड पारदर्शक डब्यात समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि गप्प बसायला सांगितलं. दोन मिनिटं काहीच नाही, मग एकाची झाकणं उघडली आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी झाडायला लागले, मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. बावीस पोरं गप्प, हे वर्गात मी कधी पाहिलं नाही. पाणी नसताना दार बंद आणि आत ओल धरून ठेवायची हे मला समजवावंच लागलं नाही. हा शंखाचा नाही, खेकड्याचा नातेवाईक, हे सांगितल्यावर मात्र कुणाचा विश्वास बसेना.

एका ठिकाणी तुम्हीही अडकाल. मुलं म्हणतात, फटीत शिरता यावं म्हणून खेकड्याने अंग चपटं केलं. तिथेच थांबवा. कुठल्या खेकड्याने ठरवून काही केलेलं नाही, ज्यांची अंगं फटीत मावली ते जास्त वाचले, त्यांची पिल्लं जास्त झाली, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. माझ्याही तोंडून दिवसभरात तीनदा तरी 'म्हणून त्याने' निघालंच.

दगड उलटलात तर जसा होता तसा परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात. शंकूसारखे शंख उचलू देऊ नका, त्यातले काही विषारी डंख मारतात. दहा मुलांपेक्षा जास्त नेऊ नका, बावीस हा वेडेपणा होता. आणि परत त्याच शेवाळावरून यायचंय हे लक्षात ठेवून निघा, आम्ही निघालो तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं.