पंखा घोंघावतोय आणि डब्ल्यूएमआय २५ टक्क्यांवर

लगीनसराईत दुकानातलं मशीन अडलं की सगळंच अडतं. पत्रिका, बॅनर, केळवणाची निमंत्रणं, सगळं त्या एकाच काँप्युटरवर. चौथ्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, विंडोज १०. (हो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माहीत आहे. पण या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि नव्या मशीनचं दिवाळीनंतर बघू.) तर या मशीनचा पंखा शटर उघडल्यापासून घोंघावायला लागला. कोरलड्रॉमध्ये नवरदेवाचं नाव जरा डावीकडे घ्यायचं तरी कर्सर गोल गोल फिरत बसायचा. समोर बसलेल्या मुलीच्या काकांनी निदान करूनही टाकलं, "ताई, व्हायरस शिरलाय. फॉरमॅट मारा."

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. सगळ्यात वर डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट नावाचा विंडोजचा प्रोग्रॅम, सीपीयू २५ टक्के. चहा झाला तरी २५. आकडा असा एका जागी खिळला की समजायचं, प्रोसेसरच्या चार कोरपैकी (एकेक कोर म्हणजे काम करणारा एक गडी) एक कोणीतरी पुरता अडकवून ठेवलाय. एका वेळी आठ कामं हाताळणाऱ्या, म्हणजे आठ थ्रेडच्या मशीनवर हेच दुखणं साडेबारा टक्के दिसतं आणि माणूस तिकडे बघतही नाही.

काकांच्या समाधानासाठी त्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं. फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या डब्ल्यूबीईएम फोल्डरमध्ये निघाली. म्हणजे जागा बरोबर. याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये किंवा टेम्पमध्ये सापडली असती, तर मात्र काकांचं ऐकलं असतं.

आता हा डब्ल्यूएमआय करतो काय? रेकॉर्ड रूममधल्या कारकुनाचं काम. डिस्क किती भरली, बॅटरी किती उरली, कोणते प्रिंटर जोडलेत, हे कुठल्याही प्रोग्रॅमने विचारावं आणि याने शोधून सांगावं. स्वतःहून तो फारसं काही करत नाही. तो घामाघूम दिसतोय तर खिडकीशी कोणीतरी सारखं उभं आहे, आणि शोधायचं त्याला. व्हिडिओंमध्ये मात्र सर्रास सांगतात की ही सर्व्हिसच (मागच्या मागे चालणारा प्रोग्रॅम) बंद करून टाका. करू नका. अँटिव्हायरस चालू आहे की नाही याची नोंदसुद्धा याच्याच दप्तरात असते. सर्व्हिस रीस्टार्ट केली तर घटकाभर शांत होतं. मी केली, आणि पुढची पत्रिका संपायच्या आत पंखा पुन्हा सुरू.

विचारणाऱ्याचा पत्ता इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत मिळतो. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, मग डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी, आणि शेवटी ऑपरेशनल. तिथे ५८५८ नंबरच्या लाल एररची रांग लागलेली होती, काही काही सेकंदांनी एक. प्रत्येकीत 'क्लायंट प्रोसेस आयडी', म्हणजे विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा नंबर असतो आणि 'ऑपरेशन'पुढे नेमकं काय विचारलं तेही. माझ्याकडे सगळ्यांत एकच आयडी, एकच प्रश्न: प्रिंटरची माहिती दे.

तो आयडी टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये पीआयडीच्या रकान्यात शोधायचा. मशीन रीस्टार्ट झालं की हे नंबर बदलतात, म्हणून एरर ताजी हवी. कालची घेतली तर भलत्याच प्रोग्रॅमच्या मानगुटीवर बसाल. ऑपरेशनलमध्ये फक्त फसलेले प्रश्न दिसतात. तिथे काहीच नसेल तर व्ह्यू मेनूतून 'शो ॲनालिटिक अँड डीबग लॉग्ज' चालू करून ट्रेस लॉग सुरू करा, त्यात सगळेच प्रश्न उतरतात. काम झालं की तो आठवणीने बंद करा, फार भराभर भरतो.

माझा नंबर जुळला तो शाईची पातळी दाखवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमशी. तो ज्या प्रिंटरबरोबर आला, तो प्रिंटर आम्ही कधीच विकून टाकलाय! पण हा पठ्ठ्या विंडोजबरोबर रोज उठायचा आणि नसलेल्या प्रिंटरची शाई विचारत बसायचा. उत्तर आलं नाही की पुन्हा विचार. कंपनीने एक तर 'थोडं थांब' एवढं त्याला शिकवायला हवं होतं, किंवा ड्रायव्हर काढताना यालाही घेऊन जायला हवं होतं.

कंट्रोल पॅनेलमधून तो अनइन्स्टॉल केला, तरी त्याची सर्व्हिस पाठीमागे राहिलीच. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती डिसेबल केली, मशीन रीस्टार्ट केलं, आणि डब्ल्यूएमआय शून्यावर आला. लॉगमध्ये अजून अधूनमधून एखादी ५८५८ येते, अँटिव्हायरस अपडेट होताना सीपीयू तीन-चार टक्क्यांवर जाऊन परत येतो. तिकडे मी बघत नाही.