कॉट बेसिस ते रजिस्टर करार: पुण्यात घर शोधताना

उमरग्याहून एम.ए.साठी पुण्यात आले तेव्हा विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या यादीत नाव नव्हतं. "दुसऱ्या यादीत लागेल" असं सगळेच सांगतात, पण तोवर राहायचं कुठे? मग सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर सोय पाहिली. एका खोलीत चार कॉट, चार कपाटं आणि खिडकीशेजारच्या कॉटचे महिन्याला पाचशे जास्त. पावती मागितली तर काकू म्हणाल्या, "अगं, इथे विश्वासावर चालतं सगळं." स्पर्धा परीक्षावाल्या मुली त्याच विश्वासावर तिथे वर्षानुवर्षं राहत होत्या, हेही खरं.

स्वस्तातल्या सोयींची माहिती तिथेच एकमेकींकडून मिळाली. विद्यार्थी साहाय्यक समितीचं वसतिगृह 1955 पासून खेड्यातल्या गरजू मुलामुलींसाठी चालतं. तिथे मुलाखत होते आणि राहणाऱ्यांना रोजची कामंही वाटून घ्यावी लागतात. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यातून जेवण, राहणं आणि किरकोळ खर्च धरून वर्षाला 60,000 रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयं योजना आहे. मी यातल्या कशातच बसत नव्हते, पण माझी रूममेट स्वाधारमध्ये बसत होती आणि तिला अर्जासोबत भाडेकरार जोडायचा होता. कॉट बेसिसवाल्या काकू तो देणार नव्हत्या. तिथून आम्हा तिघींचं फ्लॅट शोधणं सुरू झालं.

आधी खाजगी हॉस्टेलं पाहिली. एकाने दर सांगितला आणि वर "प्लस जीएसटी" म्हणाला. आमच्यातली तिसरी बी.कॉम. झालेली. तिने विचारलं, "कसला जीएसटी? माणशी महिना 20,000 पर्यंत भाडं असेल आणि सलग 90 दिवस राहणार असू तर जुलै 2024 पासून तो माफ आहे ना?" त्याने लगेच दुसराच दर सांगितला. त्याच्याकडे आम्ही राहिलो नाही, पण हा संवाद मला फार आवडला होता.

शेवटी धनकवडीत वन बीएचके मिळाला. भाडं 18,000, डिपॉझिट 50,000. "मुलींना देतो, मुलांना नाही" या अटीवर. आम्हाला फायदाच झाला म्हणा, पण आमच्या वर्गातल्या मुलांनी त्याच अटीपायी किती जिने चढले-उतरले ते पाहिलं आहे. घरमालक काकांनी स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो म्हटलं. "अकरा महिन्यांचाच तर आहे, रजिस्टर कशाला?"

पुण्यात हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं. महाराष्ट्रात ते लागू होत नाही. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. काकांना मी दंडाचं सांगितलंच नाही. "तुम्हालाच सेफ आहे काका, मुदत संपल्यावर आम्ही नाही निघालो तर तुमच्या हातात काय राहील?" एवढंच म्हटलं. तेही खरंच आहे. आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा. त्यात आपण पूर्ण अर्थाने भाडेकरू नसतोच. मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाहीतर दुप्पट रक्कम भरायची वेळ येते.

खर्चाचा बाऊ मात्र उगाच करतात. अकरा महिन्यांचं भाडं 1,98,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे पाचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000. तिघींत वाटून माणशी पाचशे. एजंटचे वेगळे, आणि तिथे घासाघीस चालते.

एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. आमचे ठसे पटापट उमटले. फ्लॅट काकांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या नावावर, आणि त्यांचा अंगठा काही केल्या मशीन घेईना. भांडी-धुणी करून रेषाच झिजलेल्या. एजंटने बोटं पुसली, थोडं व्हॅसलीन लावलं, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. काकू म्हणाल्या, "माझंच घर, आणि मीच मी आहे हे पटेना मेल्याला." शेवटी मधलं बोट चाललं. पोलीस व्हेरिफिकेशनचा ऑनलाइन फॉर्मही त्याच बैठकीत भरून घेतला.

सामान आत नेण्याआधी आम्ही घराचा व्हिडिओ काढला: बाथरूमची ओल, किचन ओट्याचा उडालेला टवका, विजेच्या मीटरचं रीडिंग. तो काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवला.

पुढे घर सोडताना हेच कामी आलं. नोटीस कराराप्रमाणे महिनाभर आधी दिलेली. तरी काका म्हणाले, रंगाचे 20,000 कापणार. करारात स्पष्ट होतं की नेहमीच्या वापराने होणारी झीज धरायची नाही. आधी तोंडी बोललो, मग करारातलं ते कलम आणि व्हिडिओ जोडून ईमेल केला. उत्तर नाही. मग शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, अनुसूचित जाती-जमातींनाही. खटला न भरता तडजोडीसाठी दाखलपूर्व अर्ज करता येतो. काउंटरवरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "करार रजिस्टर आहे का?" हो म्हटल्यावर त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

काकांना नोटीस गेली आणि तारखेच्या आधीच त्यांचा फोन आला. आवाज जरा खट्टू होता. "कोर्टात जायची काय गरज होती, बाळा?" मी म्हटलं, "काका, तुम्ही ईमेल बघितला असता तर गेलो नसतो." त्याच आठवड्यात पैसे खात्यावर आले. शेवटचं वीजबिल आणि बाथरूमच्या तुटलेल्या नळाचे पैसे वजा केले होते. नळ आमच्याकडूनच तुटला होता, त्यामुळे त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.