ग्रिफीची सहा रूकी कार्डं: पाच झाली, एक नंबरवर घोडं अडलंय

तर मंडळी, अपडेट. बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरची १९८९ ची सहा मुख्य रूकी कार्डं (खेळाडूची पदार्पणाच्या वर्षातली फोटो-कार्डं) जमवायची असं मागच्या वर्षी ठरवलं होतं, त्यातलं पाचवं परवा आलं, स्कोअर ट्रेडेडचं १००टी (आधी सेटचं नाव, मग कार्डाचा नंबर). टॉप्स ट्रेडेड ४१टी, फ्लीअर ५४८, डॉनरस ३३ आणि बोमन २२० आधीच घरात आहेत. मी सिअ‍ॅटलला आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ऑफिसच्या टीममधल्या एकाने लंचला ग्रिफीच्या स्विंगचा व्हिडिओ दाखवला आणि आपली विकेटच पडली.

ही पाच मिळवणं फार अवघड नाहीये बरं का, तेव्हा कंपन्यांनी कार्डं अक्षरशः पोत्याने छापली होती. फक्त बोमन नाटकी. त्या वर्षी त्यांनी साइझ मोठी, अडीच बाय पावणेचार इंच ठेवली, बाकीची सगळी अडीच बाय साडेतीन, त्यामुळे अल्बमच्या पॉकेटमध्ये टाकलं तर वरून पाव इंच बाहेर डोकावत बसतं. मोठा टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर) वेगळा आणावा लागला.

खरं दुखणं अप्पर डेक नंबर १. कंपनीचा पहिलाच सेट, ग्रिफी तेव्हा मेजर लीगची (सर्वात वरच्या स्तराची) एकही मॅच खेळला नव्हता आणि तरी याला नंबर एकवर बसवलं, काय डेअरिंग! फोटोत त्याच्या डोक्यावर सॅन बर्नार्डिनोची मायनर लीगची (खालच्या स्तराची) कॅप होती, तिलाच रंगवून मरिनर्सची, म्हणजे सिअ‍ॅटलच्या टीमची केलीय. आता गंमत अशी की नंबर १ म्हणून हे कार्ड छपाईच्या शीटवर अगदी कोपऱ्यात, म्हणजे कटिंगमध्ये, हाताळताना, सगळीकडे पहिला मार यालाच. कार्डं ढिगाने मिळतात पण कोपरे धड असलेलं शोधून दाखवा.

मी ग्रेडिंग (कार्डाची अवस्था तपासून दहापैकी गुण देणं) न झालेलं एक घेतलं, फोटोत झकास दिसत होतं. घरी लूपखाली (भिंगाखाली) धरलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यावर कापसाच्या तंतूएवढं पांढरं. बायको म्हणाली, याहून जास्त पांढरं तुझ्या मिशीत आहे. तरी नऊच्या आशेवर ग्रेडिंगला पाठवलं आणि आलं सात. फी गेली ती गेलीच. विकणाऱ्याला तरी काय बोलणार, त्याने फोटो प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये ठेवूनच काढले होते आणि मी घाईत विचारलंच नाही. आता स्लीव्हबाहेर काढून चारही कोपऱ्यांचे क्लोजअप मागवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

सातवर काही मन भरत नाही, म्हणून सध्या याच नंबर १ च्या दोन कार्डांवर डोळा आहे, एक ग्रेडेड नऊ, पण सेंटरिंग, म्हणजे कार्डावरचं चित्र, डावीकडे सरकलेलं, दुसरं ग्रेडिंग न केलेलं पण कोपरे टोकदार आणि मागचा होलोग्राम एकदम स्वच्छ. तुम्ही असता तर कुठलं उचललं असतं? शनिवारपर्यंत सांगायचंय विकणाऱ्याला.