फाटक्या पाकिटाचे तुकडे

संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना एक गृहस्थ आपल्या लॅब्रेडोर कुत्रीला घेऊन धावतच आत आले. कपाटामागे ठेवलेले उंदरांचे औषध तिने पाऊण तासापूर्वी खाल्ले होते आणि उलटी व्हावी म्हणून त्यांनी घाबरून तिला मिठाचे पाणी पाजले होते. उलटी झाली नव्हती, पण रक्तातील सोडियम वाढण्याची दुसरी काळजी माझ्यापुढे उभी राहिली. मिठाचे पाणी पाजू नका, असे मी भेटेल त्याला कळकळीने सांगतो, कारण नुसत्या मिठानेही कुत्र्याला झटके येऊ शकतात.

कुत्री मात्र टेबलावर शेपटी हलवत उभी होती. "डॉक्टर, ही तर ठणठणीत दिसते आहे. घरीच लक्ष ठेवले तर चालेल का?" असे त्यांनी विचारले. मी पाकीट मागितले. त्यांनी रुमालात बांधून आणलेले, लाळेने ओले झालेले चार तुकडे बाहेर काढले. चावलेल्या कडा एकमेकींना लावल्या तेव्हा 'ब्रोमाडायोलोन' हा शब्द पुरा झाला.

त्या एका शब्दावर पुढचे सारे ठरणार होते. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचे दुसरे विष असते, तर पोटातील आम्लामुळे त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटला असता आणि उलटी करवताना आम्हालाही दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या असत्या. ब्रोमाडायोलोन मात्र रक्त गोठवणारे घटक बनवण्यासाठी लागणारे के जीवनसत्त्व शरीराला पुन्हा वापरू देत नाही. आधीचे घटक शिल्लक असेपर्यंत कुत्रे धडधाकट दिसते आणि साधारण 3 ते 5 दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. तिचे ते ठणठणीत दिसणे म्हणूनच मला मुळीच दिलासा देत नव्हते.

ॲपोमॉर्फिनचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत उलटी झाली आणि तिच्यात हिरवे दाणे स्पष्ट दिसले. (ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेले असते, तर मी उलटी करवलीच नसती.) पोटातले उरलेले विष शोषून घेणाऱ्या औषधी कोळशानेही सोडियम वाढू शकते, त्यामुळे रक्ताचा अहवाल हाती येईपर्यंत तो देण्याचे मी थांबवले.

पुढचे 4 आठवडे त्यांनी के-1 जीवनसत्त्वाच्या गोळ्या जेवणासोबत न चुकता दिल्या. शेवटच्या गोळीनंतर 48 तासांनी घेतलेल्या तपासणीत तिचे रक्त योग्य वेळेत गोठले.