रिंजानी: राखेच्या घसाऱ्यावरची चढाई

इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा रिंजानी 3726 मीटर उंच आहे. त्या देशात त्याच्याहून उंच ज्वालामुखी एकच, सुमात्रातला केरिंची. बालीला गेल्यावर दोन दिवस काढून रिंजानीही उरकू, असा बेत असेल तर तो आधी बदला. दोन दिवसांची पॅकेजं मिळतात, पण त्यांत शिखरावरून उतरून त्याच दिवशी पायथा गाठावा लागतो, आणि पडझड होते ती दमलेल्या पायांनी उतरताना. तीन दिवस, दोन मुक्काम धरा.

तयारीचं थोडक्यात सांगतो. पावसामुळे जानेवारी ते मार्च वाटा बंद असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा खुली, पण गर्दी आणि धुरळा फार. माझं मत एप्रिल अखेर किंवा मे: राख जरा ओलसर असते, पाय बरा बसतो. राष्ट्रीय उद्यानाचा रोजचा कोटा ठरलेला असतो. परवाना आणि वैद्यकीय तपासणीचा कागद यांचं काम नोंदणीकृत ट्रेक कंपनीमार्फतच करा. भारतीयांना व्हिसा विमानतळावर मिळतो, 5 लाख रुपिया.

शाकाहारी मंडळींनी कंपनीला एक गोष्ट लेखी कळवावी. तोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भात, अंडी भरपूर मिळतात, पण सांबाल या चटणीत बहुतेक वेळा तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली गोळी असते. नुसतं ‘मांस नको’ म्हटल्याने ती टळत नाही.

चढाई सेंबालुन गावाकडून सुरू करावी. गाव साधारण साडेअकराशे मीटरवर आणि पहिला मुक्काम ज्वालामुखाच्या कडेवर, 2639 मीटरवर. म्हणजे पहिल्याच दिवशी दीड हजार मीटर चढ. सुरुवातीचं गवताळ माळरान सोपं, पण सावलीचं नाव नाही. सकाळी सातच्या आत निघा आणि तीन लिटर पाणी स्वतःजवळ ठेवा. तिसऱ्या थांब्यानंतर खऱ्या टेकड्या लागतात. एक संपली की पुढची दिसते, म्हणून स्थानिक लोक त्यांना पस्ताव्याच्या टेकड्या म्हणतात. इथले स्थानिक ससाक जमातीचे हमाल इथून बांबूची कावड खांद्यावर घेऊन, पायांत साध्या चपला घालून पुढे जातात. त्यांच्याशी बरोबरी करू नका, वाट द्या.

कडेवरच्या तळावर माकडं तंबूत शिरतात, खाऊ उघड्यावर ठेवू नये. जवळच्या झऱ्याचं पाणी उकळून किंवा गोळी टाकूनच प्यावं. अडीच हजार मीटरवर काहींचं डोकं दुखायला लागतं. सौम्य असेल तर पाणी, जेवण आणि विश्रांतीने बहुधा निभावतं. उलट्या होत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर शिखराचा विचार सोडून खाली उतरायचं.

रात्री दोनच्या सुमारास शिखराकडे निघतात. तळापासून शिखर जवळपास अकराशे मीटर वर. पहिला टप्पा झाडांमधल्या धुळीच्या घळीतून, खडा. दुसरा लांबच लांब धारेवरून, तुलनेने सोपा. इथे वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरा. शेवटचे काहीशे मीटर हा खरा रिंजानी.

सह्याद्रीतला घसारा म्हणजे कातळावर मुरमाचा पातळ थर. पाय सरकतो, पण खाली खडक असतो, एखादी खाच किंवा गवताची जुडी सापडते. इथे खाली धरायला काही नाही. राख आणि टोकदार खड्यांचा खोल ढीग, सैल माल कसाबसा टिकेल अशाच उतारावर टेकलेला. वजन पडलं की पायाखालचा भाग ढासळतो आणि वर टाकलेलं पाऊल अर्धं खाली येतं. बोटांवर जोर देऊन चढलात तर जास्तच. पूर्ण तळवा टेकवा, पाऊल छोटं ठेवा, पुढच्याच्या दबलेल्या ठशात पाय द्या. दोन काठ्या हव्यात, एकीने भागत नाही. गेटर्स, म्हणजे बुटात खडे जाऊ नयेत म्हणून घोट्यावर बांधायची आवरणं, नसतील तर दर दहा मिनिटांनी बूट झाडावे लागतील. धुळीसाठी नाकावर बफ, म्हणजे गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल, हवाच.

वर पहाटे तापमान शून्य ते पाच अंशांत आणि वाऱ्याने त्याहून कमी भासतं. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट इथे घात करतो. कोरडा थर आणि वारारोधक जाकीट सॅकमध्ये वरच ठेवा. सूर्योदयाच्या तासभर आधी पोचण्यात काही शौर्य नाही, नुसतं कुडकुडणं आहे.

धारेच्या एका बाजूला सरोवराकडे सरळ कडा आहे. जून 2025 मध्ये ब्राझीलची एक तरुणी त्या बाजूला घसरली. धुकं आणि सैल राख यांमुळे बचावपथक तिच्यापर्यंत पोचेतो चौथा दिवस उजाडला होता, ती वाचली नाही. दम लागला तर वाटाड्याला थांबवा, एकटं मागे बसू नका.

वरून दिसणारं सेगारा अनाक सरोवर ज्या खळग्यात आहे, तो 1257 सालच्या स्फोटाचा. शेजारचा सामालास पर्वत तेव्हा कोसळला. त्या स्फोटाचे गंधकयुक्त अवशेष ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडत होते, पण उगम सामालास आहे हे 2013 साली कळलं. स्थानिक ताडपत्रांत मात्र पामातान हे गाडलं गेलेलं शहर आधीपासून नोंदलेलं होतं. सरोवरातला छोटा शंकू म्हणजे बारुजारी. 2015 मध्ये त्याच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पडला होता.

उतरताना तंत्र उलटं: टाच रोवायची, गुडघे किंचित वाकवायचे, मागे रेलायचं नाही. मागे रेललं की पाय पुढे निसटतो आणि बसकण बसते. नाड्या घट्ट बांधा आणि पायाची नखं आधीच कापा, नाहीतर संध्याकाळपर्यंत अंगठे काळे पडतात. पुढच्याशी दहा-पंधरा पावलांचं अंतर ठेवा, खडे गडगडत येतात.

तळावर जेवून त्याच दिवशी सरोवराकाठी, साधारण 2000 मीटरवर उतरायचं असतं. ही उतरण खडकाळ आहे, 2018 च्या भूकंपात इथे दरडी कोसळल्या होत्या. अंधाराआधी पोचाल असं निघा. जवळच गरम पाण्याचे झरे आहेत, पाय तिथे भिजवा. तिसऱ्या दिवशी सेनारू गावाच्या बाजूच्या कडेवर पुन्हा सहाशे मीटर चढून जंगलातून दोन हजार मीटर उतार आहे. तोरेआनची वाट हा चढ वाचवते, पण दरीकाठाने अरुंद जाते, पावसात ती नको. विमान दुसऱ्या दिवशीचं काढा, कारण सेनारूहून विमानतळ गाडीने अडीच-तीन तासांवर आहे.